एकाच नावाच्या दोन क्रिया : इंटरफेसमधील नामसंघर्ष आणि त्याच्या निवारणाचा इतिहास

१. विषयप्रवेश

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागात, पैनगंगेच्या खोऱ्यात, उमरखेड हे तालुक्याचे ठिकाण आहे. कापसाबरोबर या तालुक्यात ऊसही होतो, आणि पोफाळी येथे सहकारी साखर कारखाना उभा राहिल्यापासून ऊसतोडणीच्या हंगामाची परिभाषा येथील व्यवहारात मुरली आहे. या परिभाषेतील एका शब्दापासून प्रस्तुत विवेचनाचा आरंभ करणे सोयीचे होईल. तो शब्द म्हणजे 'उचल'. हंगामापूर्वी मुकादमामार्फत तोडणी कामगाराला जी आगाऊ रक्कम मिळते ती उचल. आणि तोडलेला ऊस फडातून गाडीत भरून कारखान्याकडे नेणे हीही उचलच. 'दिवाळीला किती उचल घेतली?' आणि 'आज फडातली उचल झाली का?' या दोन प्रश्नांत कोणत्याही ऐकणाऱ्याचा घोटाळा होत नाही. प्रसंग, बोलणारा आणि वाक्याची ठेवण यांवरून अर्थ आपोआप निश्चित होतो.

संगणकाला मात्र प्रसंगाचे ज्ञान नसते. त्याच्यापुढे केवळ नाव असते. ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वस्तुकेंद्री आज्ञावलीलेखनात ही अडचण फार स्पष्टपणे पुढे येते. या पद्धतीत व्यवहारातील प्रत्येक घटक ही एक 'वस्तू' मानली जाते. एका जातीच्या वस्तूंचे वर्णन 'वर्ग' करतो. आणि वस्तूला जे जे करता येते त्यास येथे 'क्रिया' म्हटले आहे. इंटरफेस म्हणजे एक प्रकारचा करारनामा होय. 'जो वर्ग हा करार स्वीकारील त्याने अमुक नावाच्या क्रिया पुरवल्या पाहिजेत' एवढेच त्यात लिहिलेले असते. त्या कशा पुरवायच्या हे वर्गाने ठरवायचे असते.

आता असे समजू की, 'कर्जखाते' या करारात 'उचल' ही क्रिया आहे. तिला एक संख्या दिली की तेवढे रुपये कामगाराच्या नावे पडतात. 'मालनोंद' या दुसऱ्या करारातही 'उचल' हीच क्रिया आहे. तिला संख्या दिली की तेवढे टन ऊस वाहून नेल्याची नोंद होते. दोन्ही करार दोन वेगळ्या व्यक्तींनी, परस्परांची माहिती नसताना लिहिलेले आहेत. तिसरी व्यक्ती 'टोळी' हा वर्ग लिहिते आणि टोळीला दोन्ही करार पाळणे भाग आहे. टोळीला 'उचल १२' अशी आज्ञा मिळाली, तर बारा टन उसाची नोंद व्हावी, की बारा रुपये कर्ज चढावे?

हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. पन्नास हजार रुपयांची उचल चुकून पन्नास हजार टन म्हणून नोंदली गेली, तर ती चूक पाहणाऱ्याच्या तत्काळ लक्षात येईल. परंतु बारा टनांची खेप बारा रुपयांच्या कर्जात जमा झाली, तर ती कोणाच्या डोळ्यांत भरणार नाही. खेपेगणिक ती वाढत मात्र जाईल. आणि तिचा भार ज्याच्यावर पडेल, त्याने यांपैकी एकही करार वाचलेला नसेल. म्हणून या नामसंघर्षाचे निवारण निरनिराळ्या प्रोग्रॅमिंग भाषांनी कसे केले, याचा इतिहास पाहणे उद्बोधक ठरते. त्यात चार मार्ग दिसतात : ज्येष्ठता, नामांतर, सविशेष नाव आणि विलीनीकरण.

२. ज्येष्ठतेचा मार्ग

वर्ग आणि वारसा या कल्पनांचा उगम ओस्लो येथील नॉर्वेजियन संगणन केंद्रात झाला. ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड यांनी रचलेल्या सिम्युला ६७ या भाषेत एका वर्गाला एकाच पूर्वज वर्गाचा वारसा घेता येत असे. पूर्वज एकच असल्याने दोन घराण्यांतून एकच नाव येण्याचा प्रसंग तेथे उद्भवत नव्हता. संघर्ष सोडवला गेला नव्हता; तो उद्भवण्यास वावच ठेवला नव्हता.

१९७९ च्या सुमारास अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत लिस्प यंत्रांसाठी हॉवर्ड कॅनन यांनी फ्लेवर्स ही रचना तयार केली. तीत एका वर्गाला अनेक पूर्वजांचा वारसा घेण्याची मुभा मिळाली आणि नामसंघर्षही त्याबरोबर आला. त्यावरचा तोडगा क्रमाचा होता : पूर्वजांच्या यादीत ज्याचे नाव आधी, त्याचा अधिकार मोठा. १९८८ मध्ये सिद्ध झालेल्या कॉमन लिस्प ऑब्जेक्ट सिस्टिमनेही हा क्रमाचा विचार अधिक काटेकोरपणे पुढे चालवला. पायथन या भाषेने २००३ मध्ये २.३ या आवृत्तीत सीथ्री नावाची क्रमनिश्चितीची रीत स्वीकारली. तिचा विशेष असा की, पूर्वजांचे क्रम परस्परविरोधी असतील तर ती अंदाजाने एक क्रम न निवडता वर्गच नाकारते.

हा मार्ग आपल्याकडील शास्त्रपरंपरेला अपरिचित नाही. पाणिनीच्या अष्टाध्यायीत, पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादातील दुसरे सूत्र अशाच संघर्षासंबंधी आहे. सारख्या बळाचे दोन नियम एकाच ठिकाणी लागू होऊ लागले, तर क्रमाने नंतरचा नियम ग्राह्य धरावा, असा त्याचा परंपरागत अर्थ सांगितला जातो. मात्र 'नंतरचा' म्हणजे सूत्रपाठात नंतरचा की शब्दरूपात उजवीकडचा, हा वाद केंब्रिज विद्यापीठात ऋषी राजपोपट यांनी लिहिलेल्या प्रबंधामुळे २०२२ मध्ये पुन्हा चर्चेत आला. यावरून एक गोष्ट ध्यानात येते. क्रमाचा नियम कितीही संक्षिप्त असला, तरी तो क्रम कोणता हे वाचणाऱ्याला निःसंशय ठाऊक असावे लागते.

ज्येष्ठतेच्या मार्गातील खरा दोष आपल्या उदाहरणात लगेच दिसतो. टोळीच्या पूर्वजांच्या यादीत 'कर्जखाते' आधी लिहिले, तर प्रत्येक उचल कर्ज ठरेल. यादीतील दोन नावांची अदलाबदल केली, तर प्रत्येक उचल माल ठरेल. दोन्ही वेळी संगणक तक्रार करणार नाही. एका करारातील शब्द दुसऱ्याने गिळून टाकला, एवढाच याचा अर्थ. क्रिया जर एकाच हेतूच्या असतील, तर ज्येष्ठता उपयोगी पडते. हेतूच भिन्न असतील, तर ती न्याय करत नाही, केवळ निकाल देते.

३. नामांतराचा मार्ग

महाराष्ट्राच्या नकाशावर या प्रश्नाचे एक जुने उत्तर आहे. शेजारशेजारच्या दोन गावांचे नाव एकच असले, तर एकास बुद्रुक आणि दुसऱ्यास खुर्द म्हणण्याची प्रथा आपल्याकडे रूढ आहे. हे दोन्ही शब्द फार्सीतून आलेले, अनुक्रमे मोठा आणि लहान या अर्थांचे. पुण्याजवळचे वडगाव बुद्रुक आणि वडगाव खुर्द ही त्याची सर्वपरिचित उदाहरणे. मूळ नाव कायम ठेवून त्याला भेददर्शक शब्द जोडला, की दोन्ही गावे आपापल्या जागी सुखाने नांदतात.

बर्ट्रांड मेयर यांनी १९८५ च्या सुमारास रचलेल्या आयफेल या भाषेत हाच विचार नियमरूपाने आला. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मेयर यांनी त्याचे सविस्तर समर्थन केले. वारसा घेताना नवा वर्ग जाहीर करू शकतो की, अमुक पूर्वजाकडून आलेली 'उचल' माझ्या घरात 'कर्जाची उचल' म्हणून ओळखली जाईल आणि दुसऱ्याकडून आलेली 'मालाची उचल' म्हणून. यातील सूक्ष्मता अशी की, जो कोणी टोळीकडे केवळ 'कर्जखाते' म्हणून पाहतो त्याच्यासाठी जुने नाव तसेच राहते. त्याने 'उचल' म्हटले की कर्जाचीच क्रिया घडते. बाहेरचा करार मोडत नाही आणि घरातील संदिग्धता नाहीशी होते.

बेल प्रयोगशाळेत ब्यार्ने स्ट्राउस्ट्रुप यांनी घडवलेल्या सी प्लस प्लस या भाषेत अनेक पूर्वजांचा वारसा १९८९ च्या २.० या आवृत्तीत आला. तेथे नामसंघर्षाचे जे उदाहरण स्ट्राउस्ट्रुप यांनी चर्चेस घेतले, ते मराठी वाचकाला विशेष गमतीचे वाटेल. सोडत काढणे आणि चित्र काढणे या दोन्ही क्रियांना इंग्रजीतही एकच क्रियापद आहे. मग पडद्यावर दिसणाऱ्या सोडतीच्या वर्गाने 'काढ' या आज्ञेवर काय करावे? या भाषेत क्रिया बोलावताना पूर्वजाचे नाव लावून संदिग्धता दूर करता येत होती, आणि ते न लावल्यास कंपायलर आज्ञावली नाकारत असे. परंतु दोन्ही पूर्वजांच्या त्या क्रिया नव्या वर्गात दोन वेगवेगळ्या प्रकारे घडवण्याची सरळ सोय नव्हती. त्यासाठी आयफेलसारखे नामांतर भाषेत आणावे, असा प्रस्ताव प्रमाणीकरण समितीपुढे १९९० च्या सुमारास आला. तेव्हा डग मॅकइलरॉय यांनी दाखवून दिले की, प्रत्येक पूर्वजासाठी मध्ये एक साहाय्यक वर्ग घालून त्यात जुन्या नावाची आज्ञा नव्या नावाकडे वळवली, तर उपलब्ध साधनांनीच काम भागते. प्रस्ताव बाजूला पडला. क्वचित उद्भवणाऱ्या अडचणीसाठी भाषेचे व्याकरण वाढवावे की व्यवहारातील युक्तीवर समाधान मानावे, हा भाषारचनेतील सनातन प्रश्न होय. येथे समितीने दुसरा पर्याय पत्करला.

४. सविशेष नावाचा मार्ग

नामांतर न करता नावाच्या मागे त्याचे कूळ जोडणे हा तिसरा मार्ग. पत्रावर 'उमरखेड' एवढेच न लिहिता 'तालुका उमरखेड, जिल्हा यवतमाळ' असे लिहिण्यात हेच घडते. कारण उंबरखेड हे नावाने निकटचे गाव महाराष्ट्रात एकाहून अधिक जिल्ह्यांत आहे.

तथापि कुळाचा पत्ता बदलू शकतो. उमरखेडाचाच इतिहास पाहा. हे गाव पूर्वी बाशीम जिल्ह्याच्या पुसद तालुक्यात मोडत असे. १९०५ मध्ये बाशीम जिल्हा मोडला, वणी जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळाले आणि पुसद तालुका त्याला जोडला गेला. पुढे १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. गाव जागचे हलले नाही. त्याचे सविशेष नाव मात्र पुन्हा पुन्हा बदलले. ज्या दप्तरात जुना पूर्ण पत्ता लिहिलेला होता, ते दप्तर तेवढ्यापुरते चुकीचे झाले. आज्ञावलीतही वर्गांची उतरंड बदलली की पूर्ण नावे अशीच जुनी होतात.

यावर भारतीय टपाल खात्याने योजलेला उपाय म्हणजे १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली पिन कोडची पद्धती. तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातील अधिकारी आणि संस्कृतचे नामवंत कवी होते. एकाच नावाची अनेक गावे आणि अनेक लिप्यांत लिहिलेले पत्ते यांतून वाट काढण्यासाठी त्यांनी कोणत्याही गावाचे नाव बदलले नाही. नावाशेजारी सहा अंक ठेवले. उमरखेडाचा अंक ४४५२०६. त्यातील पहिले तीन अंक यवतमाळचा विभाग दाखवतात आणि उरलेले तीन टपाल कार्यालय.

इंटरफेसच्या इतिहासात याचे जवळचे प्रतिरूप १९९३ मध्ये मायक्रोसॉफ्टने पुढे आणलेल्या कॉम्पोनंट ऑब्जेक्ट मॉडेलमध्ये सापडते. तेथे इंटरफेसची ओळख त्याच्या नावावर अवलंबून नसून १२८ बिटांच्या एका अनन्य क्रमांकावर असते. वस्तूला प्रथम विचारायचे की, 'अमुक क्रमांकाचा करार तू पाळतेस काय?' होकार आला की त्या कराराच्याच क्रिया हाती येतात. प्रसिद्ध झालेला करार पुढे बदलायचा नाही, असाही दंडक होता. दोन करारांतील क्रियांची नावे एक असली तरी बाहेरून पाहणाऱ्याचा त्यामुळे गोंधळ होत नसे. वर्ग लिहिणाऱ्याची अडचण मात्र उरतच होती, कारण तो बहुधा सी प्लस प्लसमध्येच लिहीत असे.

ती अडचण अँडर्स हेल्सबर्ग यांच्या नेतृत्वाखाली रचलेल्या सी शार्प या भाषेने दूर केली. २००२ मध्ये आलेल्या तिच्या पहिल्या आवृत्तीपासून वर्गाला 'कर्जखात्याची उचल' आणि 'मालनोंदीची उचल' अशा दोन क्रिया कराराच्या नावानिशी स्वतंत्रपणे लिहिता येतात. अशी क्रिया टोळीकडून थेट मागता येत नाही. टोळीकडे त्या त्या कराराच्या दृष्टीने पाहावे लागते. त्याच सुमारास आलेल्या व्हिज्युअल बेसिक डॉट नेटमध्ये क्रियेला हवे ते नाव देऊन ती कोणत्या कराराची कोणती अट पुरी करते हे शेजारी लिहिण्याची सोय होती. म्हणजे नामांतर आणि सविशेष नाव या दोहोंचा तो संगम होय. मे २०१५ मध्ये १.० आवृत्तीस पोहोचलेल्या रस्ट भाषेतही दोन करारांच्या समान नावाच्या क्रिया सुखाने एकत्र राहतात, आणि आज्ञा संदिग्ध असेल तर कंपायलर कराराचे नाव सांगण्याची सक्ती करतो.

५. विलीनीकरणाचा मार्ग

जानेवारी १९९६ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने जावा भाषेची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. तिने अनेक वर्गांचा वारसा निषिद्ध ठरवून अनेक इंटरफेस स्वीकारण्याची मुभा ठेवली. इंटरफेसमध्ये क्रियेचे केवळ नाव व स्वरूप असे, कृती नसे. त्यामुळे दोन कृतींपैकी कोणती घ्यावी हा वादच मिटला. दोन करारांत एकाच नावाची, एकाच स्वरूपाची क्रिया असेल, तर वर्गाने ती एकदा लिहिली की दोन्ही करार पाळले गेले असे मानण्यात आले. क्रियेचे फलित परस्परांशी न जुळणाऱ्या प्रकारांचे असेल, तर मात्र एका वर्गाला दोन्ही करार स्वीकारताच येत नाहीत.

हा नियम सुटसुटीत आहे आणि बहुतेक वेळी निर्वेध चालतो. परंतु त्याच्या मुळाशी एक गृहीतक दडलेले आहे : नाव आणि स्वरूप एक म्हणजे अर्थही एक. आपल्या टोळीच्या उदाहरणात ते गृहीतक कोसळते. दोन्ही 'उचल' एक संख्या घेतात आणि काहीही परत देत नाहीत. म्हणून जावाच्या दृष्टीने त्या दोन नव्हेतच. फेब्रुवारी २०२० मध्ये गो या भाषेनेही १.१४ या आवृत्तीपासून, दोन इंटरफेस एकत्र करताना सारख्याच क्रिया दोन्हींत असल्यास त्यांना एक मानण्याची मुभा दिली. तत्पूर्वी ती चूक समजली जाई.

मार्च २०१४ मध्ये जावाच्या आठव्या आवृत्तीत इंटरफेसला स्वतःची कृती देण्याची सोय झाली आणि टाळलेला वाद परत आला. त्यासाठी तीन नियम करण्यात आले. वर्गाने लिहिलेली क्रिया इंटरफेसमधील क्रियेहून श्रेष्ठ. दोन इंटरफेसपैकी अधिक विशिष्ट तो श्रेष्ठ. आणि एवढ्यानेही निर्णय होत नसेल, तर लेखकाने स्वतः ती क्रिया लिहून निर्णय द्यावा. पहिल्या दोन नियमांत आपल्या मीमांसकांना व वैयाकरणांना परिचित असलेले उत्सर्ग आणि अपवाद यांचे नाते सहज ओळखू येते. तिसऱ्या नियमाची पूर्वपीठिका २००३ मध्ये शेर्ली, ड्युकास, निएरस्ट्राझ आणि ब्लॅक या संशोधकांनी ट्रेट्सविषयी मांडलेल्या विचारात आहे : संघर्ष क्रमाने दडपू नये, तो उघड करावा आणि रचना करणाऱ्याकडून त्याचा स्पष्ट निर्णय घ्यावा.

नवी सोय आली तरी एक धोका शिल्लक राहिला. करार लिहून झाल्यावर त्यात मागाहून भर पडू शकते. २०२० मध्ये जावाच्या पंधराव्या आवृत्तीत अक्षरमालिकांच्या मूळ इंटरफेसला 'रिकामे आहे का' ही क्रिया जोडली गेली, आणि २०२३ मधील एकविसाव्या आवृत्तीत याद्यांच्या इंटरफेसना 'उलट क्रम' देणारी क्रिया मिळाली. ज्या वर्गांनी दोन करार आधीच स्वीकारलेले होते, त्यांपैकी काहींना यामुळे नव्याने निर्णय लिहून द्यावा लागला. त्यांची स्वतःची एक ओळही बदललेली नव्हती; बदलले होते ते दूर कोठेतरी झालेले करार.

६. उपसंहार

चारही मार्ग एकत्र पाहिले असता असे दिसते की, ते मूलतः एकाच प्रश्नाची भिन्न उत्तरे आहेत : नावाचा अर्थ ठरवण्याचा अधिकार कोणाचा? ज्येष्ठतेचा मार्ग तो यादीतील क्रमाला देतो, विलीनीकरणाचा मार्ग नावालाच देतो. नामांतर आणि सविशेष नाव हे दोन मार्ग तो अधिकार ज्याने करार लिहिला त्याच्याकडे ठेवतात, आणि दोन करारांचा मेळ घालण्याची जबाबदारी वर्ग लिहिणाऱ्यावर टाकतात. गेल्या काही दशकांतील वाटचाल सरळ रेषेत झालेली नाही. परंतु सी शार्प, ट्रेट्स, रस्ट आणि नव्या जावाचा तिसरा नियम पाहता, मूक निर्णयाकडून उघड निर्णयाकडे जाण्याचा कल स्पष्ट दिसतो.

याला एक पूरक उपाय आपल्या मोजमापांच्या इतिहासात सापडतो. मुंबईचा मण २८ पौंडांचा आणि बंगालचा मण सुमारे ८२ पौंडांचा होता. नुसत्या 'दहा मण' या शब्दांनी व्यापाऱ्याचे समाधान होत नसे. कोठला मण, हे त्याला विचारावेच लागे. दशमान मापांचा कायदा १९५६ मध्ये झाला, तेव्हा देशाने हे विचारण्याची गरज संपवण्याचे ठरवले. आज्ञावलीतही 'उचल' या क्रियेला नुसती संख्या न देता 'रुपये' किंवा 'टन' या प्रकारची संख्या द्यावी. मग जावासारखी विलीनीकरणवादी भाषाही त्या दोन क्रियांना वेगळे मानते आणि संघर्ष उद्भवतच नाही.

उमरखेडच्या बाजारात किंवा उसाच्या फडात दोन 'उचल' शेजारी शेजारी वापरल्या जातात आणि कोणी फसत नाही, कारण तेथे शंका आली की माणूस विचारतो : 'पैशाची की मालाची?' नामसंघर्ष सोडवण्याच्या आजवरच्या रीतींपैकी ज्या रीती यंत्राला हाच प्रश्न विचारायला लावतात, त्या अधिक विश्वसनीय ठरल्या आहेत. ज्या रीती न विचारता उत्तर गृहीत धरतात, त्यांच्या चुकीचा हिशेब शेवटी त्या टोळीच्या खात्यावर निघतो.